चाड्यावरची मूठ आणि कागदावरची रेघ : व्यावसायिक अनुभवांच्या अभ्यासात रेखाटनाचे स्थान

१

मृगाचा पाऊस झाला की मराठवाड्यातील वृत्तपत्रांत 'शेतकऱ्यांनी चाड्यावर मूठ धरली' अशा आशयाचे मथळे येऊ लागतात. पदव्युत्तर वर्गात हा वाक्प्रचार एखाद्या ग्रामीण कवितेत वा कथेत आला, तर 'पेरणीस प्रारंभ करणे' असा त्याचा अर्थ सांगितला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. तिफणीवर बसविलेले, तळाशी तीन भोके असलेले लाकडी भांडे म्हणजे चाडे; त्या भोकांना जोडलेल्या नळ्यांतून बी फणांच्या मागे मातीत उतरते, एवढी माहितीही कोशावरून देता येते. परंतु तीनही नळ्यांत बी सारखे पडावे, ते दाट होऊ नये, विरळही होऊ नये, बैलांची चाल मंदावली की मुठीनेही मंदावावे, हे ज्या हाताला कळत होते, त्या हाताचे ज्ञान या अर्थात येत नाही. हा हात पुष्कळदा घरातील स्त्रीचा असे. ट्रॅक्टरवरील पेरणीयंत्र सर्वत्र पोहोचल्यानंतर तिफणीमागे चाललेल्या स्त्रिया आता उतारवयाला लागल्या आहेत. वाक्प्रचार भाषेत राहिला. त्यामागील अनुभव मात्र एका पिढीबरोबर निघून जाण्याच्या बेतात आहे.

हा प्रश्न केवळ तिफणीपुरता मर्यादित नाही. मराठीच्या अभ्यासकाने व्यवसायबोलीचा, लोकजीवनाचा वा श्रमानुभवाच्या साहित्याचा अभ्यास करताना 'अनुभव' कोणत्या साधनाने मिळवावयाचा, असा हा पद्धतिशास्त्रीय प्रश्न आहे. प्रश्नावली, मुलाखत आणि शब्दसंग्रह या रूढ साधनांना रेखाटनाची, म्हणजे व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्राची, जोड द्यावी आणि विद्यापीठीय संशोधनात तिला उघड मान्यता मिळावी, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. या साधनाच्या मर्यादा मोठ्या आहेत. त्या नीट मांडल्याखेरीज त्याचा पुरस्कार करणे योग्य होणार नाही.

२

व्यवसायांच्या वर्णनाची मराठीतील परंपरा क्षीण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, आणि बलुतेदारीच्या कोणत्याही अभ्यासाचा आरंभ आजही बहुधा त्यापासूनच होतो. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने अवजारांची, त्यांच्या भागांची, क्रियांची विपुल नावे जतन केली. या पायावर विद्यापीठांतून व्यवसायबोलींचे प्रबंध उभे राहिले. त्यांतून शब्दांचे मोठे धन हाती आले, याविषयी दुमत होऊ नये.

परंतु अशा प्रबंधांचा साचाही आता ठरून गेला आहे. व्यवसायाची पार्श्वभूमी, अवजारे, क्रिया, म्हणी, शेवटी वर्णानुक्रमे शब्दसूची. शब्द जमविताना अभ्यासक वस्तूकडे बोट दाखवितो आणि 'याला काय म्हणतात?' असे विचारतो. या प्रश्नाचे उत्तर नामच असू शकते. त्यामुळे संग्रहात नामांची दाटी होते, क्रियापदे कमी पडतात आणि अव्यये जवळजवळ नसतातच. वस्तुतः कामाचे मर्म पुष्कळदा 'जरासे', 'बेताने', 'हाताला लागेल इतके' अशा शब्दांत असते. ते सूचीत बसत नाहीत म्हणून गळतात.

येथे एक आक्षेप संभवतो. मराठी दलित आत्मकथनांनी आणि ग्रामीण कादंबरीने श्रमाचा अनुभव शब्दांतच समर्थपणे उभा केला आहे. मग चित्राची आवश्यकता काय? दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही पुस्तके डोळ्यांसमोर असताना शब्द अपुरे आहेत असे कोण म्हणेल? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तरही या पुस्तकांतच आहे. तेथे अनुभव घेणारा आणि लिहिणारा एकच आहे. त्याला प्रश्न विचारणारा कोणी परका समोर बसलेला नाही. काय सांगावयाचे, कोणत्या क्रमाने सांगावयाचे, याचा निर्णय त्याचा स्वतःचा आहे. मुलाखत देणाऱ्या सामान्य कामगाराला हे स्वातंत्र्य नसते. तो प्रश्नाच्या क्रमाने बोलतो, आणि समोरच्या शिकलेल्या माणसाला काय ऐकावयाचे असेल त्याचा अदमास घेत बोलतो.

रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (१९७१) या कादंबरीत गावच्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या पत्नीच्या, पार्वतीच्या, तोंडून येते. व्यवसाय मोडतो तो यंत्रापाशी बसणाऱ्याचा; त्याची झळ मात्र चुलीपाशी असणारीला बसते, आणि ती तेथून जे पाहते ते यंत्रापाशी बसणाऱ्याला दिसत नाही. कादंबरीकाराने निवेदनाचे स्थान बदलून हे साधले. क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्याजवळ निवेदनाचे स्थान बदलण्याचे असे साधन कोणते? रेखाटनाचा विचार या ठिकाणी सुरू होतो.

३

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा या दृष्टीने लक्षणीय आहे. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ६० हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात पाचांपैकी चार माणसे ग्रामीण भागात राहत होती. एकीकडे पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल, दुसरीकडे मोसंबीच्या बागा. आणि या दोहोंइतकाच महत्त्वाचा बियाणे उद्योग. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात 'महिको'ची स्थापना केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या उद्योगाचा इतिहास संशोधन आणि व्यापार या अंगांनी लिहिला जातो. परंतु संकरित बी प्रत्यक्षात घडते ते बीजोत्पादनाच्या शेतात, हातांच्या बोटांनी.

कपाशीच्या संकराचे काम पाहावे. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारनंतर हेरावयाची. तिच्या पाकळ्या काढून स्त्रीकेसराला धक्का न लावता भोवतालचे पुंकेसर नखाने वा बोटांनी खुडावयाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे उमललेले फूल आणून त्याचे पराग त्या स्त्रीकेसरावर लावावयाचे. आणि ओळखीची खूण करावयाची. एखादी कळी नजरेतून सुटली की ती स्वतःच्याच परागाने फळते आणि बियाण्याची शुद्धता बिघडते. म्हणून सुटलेली फुले शोधून काढून टाकणे हेही कामच. हे सर्व मजुरीने, मुख्यतः स्त्रिया आणि तरुण मुली करीत आल्या. बालमजुरीच्या प्रश्नामुळेही बियाण्यांचे हे क्षेत्र देशभर चर्चेत आले.

आता समजा, एखाद्या अभ्यासकाने अशा स्त्रीला 'तुमच्या कामाचे स्वरूप सांगा' असे विचारले. 'कळ्या खुडायच्या, सकाळी फुलं लावायची', एवढ्यावर उत्तर आटोपण्याचा संभव अधिक. तिला सांगण्यासारखे काही नाही, असा याचा अर्थ नव्हे. ज्या गोष्टी ती एकाच वेळी करते, म्हणजे डोळ्यांनी पुढची कळी हेरणे, बोटांनी हातातली सोलणे, कानाने मुकादमाचा अदमास घेणे आणि मनाने घरी ठेवलेल्या लेकराचा विचार करणे, त्या वाक्यात एकामागून एक ठेवाव्या लागतात. वाक्य रेषेसारखे पुढे जाते; काम मात्र चहूबाजूंनी एकदम घडते. कागदावर या गोष्टी शेजारी शेजारी मांडता येतात. शेताचा चौकोन किती मोठा काढला, त्यात स्वतःला कोठे ठेवले, कळी माणसाएवढी झाली का, मुकादम बांधावर आहे की पाठीशी, घर कागदाच्या कडेला आहे की कागदावर नाहीच, यांपैकी प्रत्येक गोष्ट पुढच्या प्रश्नाला जन्म देते. असा प्रश्न अभ्यासकाला घरून तयार करून आणता आला नसता.

वस्तूचे चित्र आणि अनुभवाचे चित्र यांतील भेदही येथे लक्षात घ्यावयास हवा. कोशकार तिफण काढील तर बाजूने काढील. फण, नळ्या, दांडी, चाडे, रुमणे सर्व दिसतील अशी. तिच्यामागे चाललेली स्त्री ती वरून, आपल्या मुठीच्या दिशेने काढण्याची शक्यता आहे. तीत कदाचित चाड्याची तीन भोके असतील आणि बाकीचे अवजार नसेलही. पहिले चित्र शब्दकोशाला हवे. दुसरे चित्र अपुरे, बेढब असले तरी कामाच्या आतून काढलेले असते. व्यवसायबोलीच्या अभ्यासात आजवर पहिल्या प्रकारची चित्रे परिशिष्टात येत राहिली. दुसऱ्या प्रकारची मागितलीच गेली नाहीत.

४

इतर ज्ञानशाखांनी या साधनाचा उपयोग गांभीर्याने केला आहे. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ मॅरिलिस गिलमिन यांनी रजोनिवृत्ती आणि हृदयविकार यांसंबंधी स्त्रियांच्या आकलनाचा अभ्यास करताना त्यांच्याकडून चित्रे काढून घेतली आणि २००४ साली या पद्धतीची तात्त्विक मांडणी केली. चित्र ही निष्पत्ती आहे तशीच प्रक्रियाही आहे, आणि ते काढणारीच्या बोलण्यासह वाचावे, हा त्यांचा आग्रह महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये पीटर चेकलँड यांनी संस्थांतील गुंतागुंतीचे प्रश्न समजून घेण्यासाठी वापरलेल्या चित्रपद्धतीचा कॅनडातील सायरा क्रिस्टँचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे शल्यविशारदांच्या अभ्यासात उपयोग केला. कठीण ठरलेल्या शस्त्रक्रियेचे चित्र शल्यविशारदाने काढावयाचे आणि त्यावर बोलावयाचे, अशी ती रीत. शल्यविशारदाला शब्दांची वाण नसते. तरीही चित्राची गरज भासली, ही गोष्ट बोलकी आहे. रेखाटन हे निरक्षरांसाठी योजलेले सोपे साधन होय, हा समज त्यामुळे टिकत नाही.

खुद्द जालना जिल्ह्यातही हे साधन अपरिचित नाही. फक्त ते साहित्याच्या विभागात आले नाही. १९९०च्या दशकात रॉबर्ट चेंबर्स प्रभृतींच्या लेखनामुळे सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाची पद्धती भारतात रूढ झाली. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळी, खडे, पाने यांनी गावाचा नकाशा काढावयाचा, त्यात ओढे, विहिरी, वस्त्या, पडीक जमिनी दाखवावयाच्या, हे तिचे परिचित रूप. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात गटनिहाय नियोजनाला जे महत्त्व मिळाले, त्यामागेही जमीन कसणाऱ्याचे ज्ञान हाच नियोजनाचा पाया मानण्याची दृष्टी होती. जालना तालुक्यातील कडवंचीत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कार्यक्रमातून पाणलोटाची कामे झाली. पुढे शेततळी आणि द्राक्षबागा यांमुळे हे गाव नावारूपास आले; २०१२-१३च्या दुष्काळात त्याचे उदाहरण वारंवार दिले गेले.

अशा नकाशांची नक्कल सामान्यतः कागदावर उतरवून घेतली जाते आणि ती नियोजनाच्या कामी येते. पण नकाशा काढताना झालेले बोलणे उतरविण्याचे काम अभियंत्याचे नसते. 'ओढा इथून नाही, तिकडून वळतो' असे म्हणून एकाची रेघ दुसरा पुसतो तेव्हा जो वाद होतो, जमिनीच्या उताराला, पोताला, पाण्याच्या पाझराला जी नावे निघतात, कोण बोलतो आणि कोण नुसते पाहतो, ही सर्व सामग्री भाषेच्या अभ्यासकाची आहे. रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि बोलणे त्याहून आधी विरते. ते टिपण्यासाठी तेथे मराठीचा विद्यार्थी उपस्थित असावयास हवा होता, ही खंत रास्त आहे.

मराठी परंपरेला ही दृष्टी परकी आहे, असेही म्हणता येणार नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने नोंदविताना देवळाचे दार कोणत्या दिशेला, कोणती वास्तू कोणाच्या कोणत्या बाजूस, हे इतक्या काटेकोरपणे सांगितले आहे की त्यावरून आराखडा काढता यावा. स्थळ आणि स्मृती यांचा संबंध शब्दांनी रेखाटण्याचा तो प्रयत्न आहे. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिला. अक्षर हेही हाताने काढावयाची आकृती आहे आणि तिला शिस्त लागते, याचे भान त्यामागे आहे. ही उदाहरणे आजच्या पद्धतीचे पूर्वज म्हणून पुढे करण्याचे कारण नाही. हाताने काढलेल्या रेषेकडे गांभीर्याने पाहणे मराठी अभ्यासकाला नवखे नसावे, एवढेच त्यांवरून म्हणता येते.

५

आता मर्यादांकडे वळावयास हवे. पहिली मर्यादा अशी की, चित्रही निरागस नसते. सँड्रा वेबर आणि क्लॉडिया मिचेल यांनी शिक्षकांच्या चित्रांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध केला. शिक्षकाचे चित्र काढावयास सांगितले की फळा, टेबल आणि छडी यांची ठरीव प्रतिमा पुनःपुन्हा अवतरते, असे त्यातून दिसले. जालन्याच्या शेतकऱ्याला 'शेतकरी काढा' असे सांगितले तर तोही पाठ्यपुस्तकातील फेटा आणि बैलजोडीच काढील, मग त्याच्याकडे ट्रॅक्टर का असेना. म्हणून सूचना नेमकी हवी. 'तुमच्या व्यवसायाचे चित्र काढा' ही सूचना निरुपयोगी होय. 'अंदाज चुकला तो दिवस काढा' ही उपयोगी होय.

दुसरी मर्यादा अर्थनिर्णयाची आहे. स्त्रीने स्वतःला लहान काढले म्हणजे तिला न्यूनगंड आहे, काळा रंग वापरला म्हणजे ती निराश आहे, असली मानसशास्त्राची उसनवारी साहित्याच्या अभ्यासकाला शोभत नाही. तिच्या हाताशी फक्त काळी पेन्सिल असेल, किंवा कागदाचा कोपराच तेवढा उरला असेल. कवितेच्या वाचनात कवीच्या चरित्रावरून अर्थ लादू नये, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. तीच सावधगिरी येथे हवी. चित्राचा पहिला अर्थ ते काढणाऱ्याने सांगितलेला असेल. अभ्यासकाचा अर्थ नंतर येईल, आणि तो वेगळा असल्यास वेगळा म्हणूनच नोंदविला जाईल.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे आणि सर्वांत गंभीर आहे. चारचौघांत नकाशा काढावयाचा तेव्हा खडू कोणाच्या हाती जातो? बहुधा ज्याच्या घरासमोर बैठक भरते त्याच्या. गावाचा नकाशा देवळापासून वा ग्रामपंचायतीपासून सुरू होतो आणि गावकुसाबाहेरची वस्ती शेवटी, उरलेल्या जागेत येते. रेखाटन ही पद्धत मूलतः लोकशाहीची आहे, असे तिचे पुरस्कर्ते गृहीत धरतात. प्रत्यक्षात गावातील उतरंड कागदावरही उतरते. अभ्यासकाने ही उतरंड दिसेल अशी नोंद केली आणि वस्तीतील माणसांकडून, स्त्रियांकडून, भूमिहीनांकडून वेगळी चित्रे घेतली, तर हीच मर्यादा अभ्यासाचे बलस्थान ठरू शकते. न केल्यास गावातील बलवानांचीच दृष्टी 'गावाची दृष्टी' म्हणून छापली जाईल.

चौथी गोष्ट संकोचाची. शाळा सुटल्यानंतर ज्यांनी हाती पेन्सिल धरली नाही, त्यांना चित्र काढावयास सांगणे ही परीक्षाच वाटू शकते. परंतु दारात रांगोळी घालणाऱ्या, भिंत सारवणाऱ्या, गोधडीला टाके घालणाऱ्या हाताला रेघ अपरिचित नसते; अपरिचित असतो तो कोरा पांढरा कागद. तेव्हा कागदाचा हट्ट सोडून अंगण, पाटी, राख, रांगोळी असे ज्याला जे रुचेल ते स्वीकारावे. आणि नकार दिला, तर तो नकारही मानावा.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. रेखाटन शब्दांची जागा घेण्यासाठी नाही. अधिक अचूक शब्द मिळविण्यासाठी आहे. म्हणून त्याचे महत्त्व चित्र पूर्ण झाल्यावर नव्हे, तर ते होत असताना आहे. कोणती रेघ आधी आली, कोणती पुसली, हात कोठे थांबला, त्या वेळी तोंडातून कोणता शब्द निघाला, याची नोंद नसेल तर प्रबंधात छापलेले चित्र केवळ शोभेचे राहील. बोलणे बोलीतच उतरवावे. प्रमाण मराठीत त्याचा सारांश देऊन चालणार नाही. काही दिवसांनी त्याच व्यक्तीकडून त्याच विषयाचे दुसरे चित्र घ्यावे, म्हणजे प्रसंगाने आलेले आणि मुरलेले यांतील फरक कळेल. चित्र काढणाऱ्याचे असते. अनुमतीशिवाय ते छापू नये आणि त्याची प्रत त्याला परत द्यावी. मजुराच्या चित्रात मुकादम ओळखू येत असेल, तर ते छापल्याचा परिणाम अभ्यासकाला नव्हे, मजुराला भोगावा लागतो, हे विसरता कामा नये.

संशोधन-मार्गदर्शक आणि परीक्षक यांच्यावरही काही जबाबदारी येते. 'हा विषय समाजशास्त्राचा, मराठीचा नव्हे' असे म्हणून असा प्रबंध परत पाठविणे सोपे आहे. परंतु चाड्याला काय म्हणतात हे नोंदविणे मराठीचे काम असेल, तर चाड्यावरच्या मुठीला काय कळत होते हे विचारणे मराठीच्या कक्षेबाहेर कसे जाईल? भाषेचा अभ्यास शब्दापाशी सुरू होतो. शब्द जेथे अडखळतो तेथे तो संपतो, असे मानण्याचे कारण नाही.

या पद्धतीची पहिली कसोटी विभागाबाहेर जाऊन घेण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातील कितीतरी महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेली, पीएच. डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर शिकवितात. 'तुमचा अनुभव सांगा' असे विचारले तर तीही दोन वाक्यांत आटोपतात. मानधन आणि अनिश्चितता हे शब्द वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांतून काही ऐकू येत नाही. अशा एखाद्या अध्यापकाला एका आठवड्याचे चित्र काढावयास सांगावे. जालना, बदनापूर, अंबड, परतूर यांच्यामधले रस्ते, एस. टी.ची वाट पाहण्याचे थांबे, दोन महाविद्यालयांतील तीस-चाळीस किलोमीटर, स्वतःचे टेबल नसलेली अध्यापक-खोली आणि मधोमध कोठेतरी पन्नास मिनिटांचा तास. तो तास त्या कागदावर किती जागा घेतो, हे त्याने काढून झाल्यावर त्यालाच विचारावे. शब्दांचे अध्यापन करणाऱ्या माणसाला त्या वेळी जे शब्द सुचतील, ते नोंदवून घेण्याजोगे असतील.